वाळवंटातले लेखापरीक्षण

प्रवासास निघालेल्या माणसांचे ढोबळमानाने दोन वर्ग करण्याची पद्धत आहे: स्थळ पाहणारे, आणि त्या स्थळी आपण कसे दिसतो हे पाहणारे. दुसऱ्या वर्गाच्या सोयीसाठी हल्ली दूरध्वनीलाच आरसा बसवून मिळत असल्याने त्याची संख्या भलतीच वाढीस लागली आहे. तथापि प्रत्येक मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात ह्या दोहोंपैकी कोठेही न बसणारी एक व्यक्ती हमखास असते, आणि ती बहुधा वयाने वडील व वृत्तीने पेन्शनर असते. ही व्यक्ती स्थळ तपासते. देवळात शिरल्यावर तिची दृष्टी मूर्तीआधी देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर स्थिरावते. किल्ला चढून धापा टाकीत वर पोहोचल्यावर ती पुरातत्त्व खात्याच्या निळ्या फलकासमोर उभी राहते, आणि सदर बुरूज कोणी, कोणत्या साली व कोणाच्या हुकुमाने बांधला ह्याबद्दल समाधान झाल्याखेरीज बुरुजाकडे मान म्हणून वळवीत नाही. आमचे साडू अण्णा हे ह्या जातीचे, माझ्या पाहण्यातले, सर्वांत निर्भेळ उदाहरण होय.

अण्णा लेखापरीक्षण खात्यातून यथाकाल निवृत्त झाले असे सरकारी दप्तर म्हणते. घरातल्या कोणाचाही त्यावर विश्वास नाही. नगरपालिकांच्या रोजकीर्दी आणि पंचायतींच्या पावतीपुस्तकांतील गफलती हुडकण्यात ज्याचे अवघे तारुण्य खर्ची पडले, तो मनुष्य सूर्यास्तसुद्धा पंचांगाशी रुजू घालूनच पाहणार, ह्यात नवल ते काय? त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक लांबट वही व दोन लेखण्या सदैव सज्ज असतात: निळी नोंदीसाठी आणि तांबडी आक्षेपासाठी. हिरव्या शाईचा राजपत्रित अधिकार त्यांना शेवटपर्यंत लाभला नाही, आणि हा विषय त्यांच्यापुढे न काढण्याची समज कुटुंबातल्या शेंडेफळापर्यंत सर्वांना आहे.

त्यांचा मुलगा अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलर गावी संगणकाच्या चिपा घडविणाऱ्या कारखान्यात नोकरीला आहे. आम्ही उभयताही त्या उन्हाळ्यात त्याच्याकडे मुक्कामास असल्याने अण्णांच्या पर्यटनाचे साक्षीदार होण्याचा योग अनायासे आला. ग्रँड कॅन्यन ही जगद्विख्यात दरी अण्णांनी त्याआधीच निकालात काढली होती. कोलोराडो नदी पन्नास-साठ लाख वर्षे ही दरी कोरीत असून ते कार्य अद्यापि चालू आहे, असे तेथील फलकावर वाचताच, ज्या कड्यावर उभे राहून परदेशी मंडळी विस्मयाने मूक झाली होती, त्याच कड्यावरून त्यांनी दरीत एकवार डोकावून शेरा मारला, "इतकी वर्षे काम चालू आणि पूर्णत्वाचा दाखला नाही!"

ह्यानंतर मुलाने ट्युसॉनचा बेत आखला. जून महिन्यात सोनोरन वाळवंटात सहकुटुंब सहलीस जाणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. परंतु सुनेची रजा, नातीची सुटी आणि हॉटेलांचे उन्हाळी उतरलेले दर ह्या तिन्हींचा मेळ जूनमध्येच बसत होता, आणि तिसऱ्या मुद्द्यावर तर अण्णांनी स्वतःहून अनुकूल अभिप्राय दिला. पारा 110 वर, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने 43 अंशांवर गेला होता. "अण्णा, ही कोरडी उष्णता आहे, जाणवत नाही," हे ॲरिझोनात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास ऐकविले जाणारे आश्वासन मुलाने दिले, तेव्हा अण्णांच्या पत्नी, जळगावचे माहेर असलेल्या ताई, ह्यांनी त्याच्याकडे केवळ करुणेने पाहिले, आणि दशम्या, लसणाची चटणी, कोकमाच्या बाटल्या व प्रत्येकाच्या खिशात एक याप्रमाणे पांढरे कांदे अशी जय्यत तजवीज केली. उन्हाची झळ बाधू नये म्हणून खिशात बाळगलेला कांदा अमेरिकेच्या भूमीवरही आपले कार्य बजावतो किंवा कसे, ह्याचा निर्वाळा मिळाला नाही. परंतु मोटारीत आमच्या शेजारी बसण्यास नात तयार होईना, एवढे खरे.

फिनिक्सहून ट्युसॉनला जाणारा हमरस्ता दोन तासांचा असून दोन्ही बाजूंस वाळवंट पसरलेले आहे. वाळवंट म्हटल्यावर आपल्या मनश्चक्षूंपुढे जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या येतात. हे वाळवंट त्या कुळातले नव्हे. येथे झुडपे आहेत, काटे आहेत, आणि सर्वांवर पहारा करीत असल्यासारखे उभे राहिलेले सग्वारो नावाचे अजस्र निवडुंग आहेत. हा वृक्ष दीडशे वर्षे जगतो, चाळीस फुटांपर्यंत वाढतो, आणि त्याला पहिला हात फुटायला बहुधा पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात. वाटेत थांबलो असता ही माहिती अण्णांनी मोठ्याने वाचून दाखविली, क्षणभर त्या निवडुंगाकडे आदराने पाहिले, आणि म्हणाले, "पहिली बढती पन्नाशीनंतर. आमच्याच खात्यातला दिसतो."

ट्युसॉनचे पिमा विमानसंग्रहालय 1976 साली लोकांस खुले झाले. सुमारे 80 एकरांच्या त्या आवारात चारशेच्या आसपास विमाने असून त्यांतली बरीचशी उघड्यावर, माथ्यावरच्या रणरणत्या उन्हात उभी आहेत. प्रत्येक विमानापाशी एक फलक आहे. हे शेवटचे वाक्य सामान्य वाचकास निरुपद्रवी वाटेल. परंतु प्रवेशद्वारी ते जाणवताच सुनेचा चेहरा खर्रकन उतरला, आणि मुलाने उपाहारगृह कोठे आहे ह्याची चौकशी तिकीट काढण्यापूर्वीच करून घेतली. इकडे अण्णांनी तिकिटाच्या रकमेस चारशेने भागून दर विमानामागे पडणारा खर्च वहीत मांडला, चश्मा पुसला, आणि पहिल्या फलकापासून कामास प्रारंभ केला.

पहिल्याच दालनात एसआर-71 हे काळेभोर हेरगिरीचे विमान आहे. ध्वनीच्या तिप्पटीहून अधिक वेगाने उडणाऱ्या ह्या विमानाचे कवच उड्डाणात इतके तापे व प्रसरण पावे, की ती वाढ हिशेबात धरून त्याच्या सांध्यांत फटी राखाव्या लागत. परिणामी जमिनीवर उभे असताना त्याच्या टाक्यांतून इंधन ठिबकत राही. बाकीचे प्रेक्षक त्याच्या नागमोडी आकृतीवर लुब्ध होऊन छायाचित्रे घेत होते. अण्णांनी मात्र तांबडी लेखणी उघडून 'इंधनगळती: जबाबदारी निश्चित केली काय?' अशी नोंद केली. पुढे ह्या विमानासाठी लागणारे टायटॅनियम बव्हंशी सोव्हिएत रशियाकडूनच, मध्यस्थ कंपन्यांची बनावट नावे पुढे करून विकत घेतले होते, ही हकीकत कळताच ते आनंदाने उजळून निघाले. ज्या शत्रूवर पाळत ठेवायची त्याच्याकडूनच, खोट्या नावाने, पाळतीचे साहित्य खरेदी करणे ह्यातली राजनीती त्यांना मुळीच भावली नाही. निविदा मागविल्या होत्या की नव्हत्या, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

बाहेरच्या पटांगणात कुटुंबाची हळूहळू पांगापांग झाली. नातीला साडेसहा फूट पंखांचे, 'बंबल बी' नावाचे चिमुकले दुपंखी विमान आवडले होते. त्यात बसायला मिळत नाही असे समजल्यावर तिने आजोबांच्या मागे फिरण्याचे साफ नाकारले. ताई अग्निबाणाचे भाग वाहून नेणाऱ्या 'सुपर गप्पी' ह्या पोट फुगलेल्या विमानासमोर थबकल्या आणि "अहो, हिचे दिवस भरत आले वाटते!" असे उद्गारल्या. थट्टेवारी न नेता अण्णांनी गंभीरपणे खुलासा केला, की हिच्या पूर्वगामी विमानाचे नावच 'प्रेग्नंट गप्पी' असे होते, सबब हे निरीक्षण नियमास धरून आहे. सहा पंखे व चार जेट अशी दहा इंजिने बाळगणाऱ्या बी-36 ह्या महाकाय बाँबरपाशी मात्र ते विशेष रेंगाळले नाहीत. एवढा मोठा आस्थापना-खर्च पाहून त्यांचे मन विटले असावे.

संग्रहालयाला लागूनच डेव्हिस-मॉन्थन हा वायुदलाचा तळ आहे, आणि तेथे हजारो निवृत्त विमाने रांगांनी उभी करून ठेवलेली आहेत. हवा कोरडी असल्याने धातूला गंज चढत नाही, आणि जमीन निसर्गतःच इतकी कठीण, की फरसबंदी न करताही ती विमानांचा भार पेलते. ह्या दोन कारणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर हे स्थान निवडण्यात आले. विमानांच्या काचा व फटी पांढऱ्या लेपाने बंद करतात. मग काहींचे सुटे भाग काढून घेतात, आणि काही, गरज पडल्यास, पुन्हा कामावर रुजू होतात. 'घोस्ट रायडर' हे बी-52 बाँबर येथे 2008 पासून पडून होते आणि 2015 साली त्याला सेवेत परत घेतले, हे ऐकून अण्णांचा कंठ प्रथमच किंचित दाटला. "पुनर्नियुक्ती!" ते म्हणाले. "आणि तीही विनाअर्ज." त्यांच्या स्वतःच्या अशाच एका अर्जाचे पुढे काय झाले हे मला ठाऊक असल्याने मी कोकमाची बाटली पुढे केली.

ह्या संग्रहालयात मार्गदर्शनासाठी स्वयंसेवक नेमलेले असतात, व त्यांत वायुदलातून निवृत्त झालेली वयोवृद्ध मंडळी पुष्कळ. ह्यांच्यापाशी अनुभवांचा साठा अक्षय्य असतो आणि श्रोता सापडला की ते त्याला सहजासहजी सोडीत नाहीत. अशा एका सद्गृहस्थाने एका हँगरात, बी-24 लिबरेटर ह्या चार इंजिनांच्या बाँबरपाशी, अण्णांना गाठले. कोणी कोणाला गाठले, हा मुद्दा पुढे वादग्रस्त ठरला. विमानावर अमेरिकन तुकडीची चिन्हे आणि 'बंगे बकारू' असे नाव मोठ्या झोकात रंगविलेले होते, आणि सद्गृहस्थ युरोपातल्या मोहिमांची कथा रंगात येऊन सांगत होते. अण्णांनी ती शांतपणे ऐकून घेतली, वहीतली नोंद पाहिली आणि विचारले, "युद्ध 1945 साली संपले. हे विमान ट्युसॉनला आले 1969 साली. मधल्या चोवीस वर्षांचा हिशेब?"

गृहस्थ क्षणभर स्तब्ध झाले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर खऱ्याखुऱ्या आदराची छटा पसरली. ते म्हणाले, "भारतात."

झाले होते ते असे. युद्ध संपल्यावर ब्रिटिश वायुदलाने अमेरिकेकडून उसनवारीने घेतलेली लिबरेटर विमाने कानपूरला जाणूनबुजून निकामी करून टाकून दिली होती. 1948 साली नवस्वतंत्र भारताला लांब पल्ल्याच्या बाँबरांची निकड भासली, तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने त्या भंगारातूनच धडधाकट विमाने उभी करण्याचे काम अंगावर घेतले. डागडुजीपुरती डागडुजी करून त्या संस्थेचे परीक्षण-वैमानिक जमशेद मुन्शी एकेक विमान कानपुराहून बंगळूरला उडवीत नेत, आणि तेथे त्याची पक्की दुरुस्ती होई. अशी चाळिसांच्या घरात विमाने सेवेत आली व ती भारतीय वायुदलाने 1968 पर्यंत, म्हणजे जगात सर्वांच्या शेवटी, वापरली. त्यांपैकीच हे एक, भारताने ट्युसॉनला दिलेले.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. येरवड्यास राहत असताना, बालपणी, चार इंजिनांचे असेच एक विमान लोहगावकडे उतरताना आपण पाहिल्याचे त्यांनी मग सांगितले. परंतु ते हेच होते ह्यास पुरावा नसल्याने तो मुद्दा त्यांनी स्वतःच नामंजूर केला. त्यानंतर मात्र त्यांनी विचारणांची जी सरबत्ती सुरू केली तिला अंत राहिला नाही. भंगाराची किंमत कोणत्या शीर्षाखाली दाखविली? निकामी केल्याचा पंचनामा कोणापाशी आहे? वीस वर्षांची भारतीय नोकरी सेवापुस्तकात असताना अंगावरचा रंग मात्र आधीच्या मालकाचा, हे कोणत्या नियमान्वये? तो वृद्ध सैनिक, ज्याने आजवर शेकडो प्रेक्षकांना थकवून परत पाठविले असेल, अखेर भिंतीच्या आधाराने खुर्चीवर बसला, आणि आपली जेवणाची वेळ टळून गेल्याचे त्याने नम्रपणे निदर्शनास आणले. ताईंनी त्याला दशमी व चटणी दिली. चटणीचा पहिला घास घेतल्यावर त्याने डोळे पुसले. ते तिखटाने की सुटकेच्या आनंदाने, हे निश्चित सांगवत नाही.

संग्रहालय बंद होण्याची सूचना झाली तेव्हा चारशेपैकी निम्मे फलकसुद्धा वाचून झाले नव्हते. अण्णांनी उरलेली विमाने 'प्रलंबित' ह्या सदराखाली दाखल केली आणि पुढील वर्षी फेरतपासणीस यावे लागेल असे जाहीर केले; त्यावर मोटारीत जी शांतता पसरली तिचा अर्थ त्यांनी संमती असा लावला.

अशा माणसाबरोबर प्रवास करणे ही कुटुंबाला शिक्षाच असते, ह्याविषयी दुमत नाही. तथापि चँडलरला परतल्यावर एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दर रविवारी तेथील मराठी मंडळी कोणाच्या ना कोणाच्या घरी जमतात, आणि ट्युसॉनला काय पाहिले असे कोणी विचारले, की ज्याने अर्धा दिवस उपाहारगृहाच्या गारव्यात काढला तो मुलगा कानपूरच्या भंगाराची कथा सांगू लागतो; मध्येच सूनबाई रशियाच्या टायटॅनियमची भर घालते; नात सग्वारोच्या पहिल्या हाताचे वय सांगते, आणि ऐकणारे थक्क होतात. ह्या सर्वांनी काढलेली शेकडो छायाचित्रे दूरध्वनीत सुरक्षित आहेत, ती दाखविण्याची आठवण मात्र कोणालाच होत नाही. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून हे सारे निर्विकारपणे ऐकतात. आपले नाव कोणी घेत नाही ह्याचे त्यांना यत्किंचितही वैषम्य नाही; मुलाने ऐन रंगात येऊन "एकोणीसशे एकोणपन्नास साली" असे म्हटले, तेवढ्यापुरते ते चश्म्यावरून पाहतात आणि म्हणतात, "अठ्ठेचाळीस."