तोंडावरच्या रुमालास अनावृत पत्र

प्रति,
मा. रुमालसाहेब,
मुख्य सुरक्षा अधिकारी (बिनपगारी), फवारणी विभाग,
मुक्काम : मजुराचे नाकतोंड, शेडनेट, देऊळगाव राजा, जि. बुलढाणा.

विषय : आपल्या नेमणुकीबद्दल अभिनंदन व काही शंका.

महोदय,

स. न. वि. वि. आपली नेमणूक कोणत्या आदेशाने झाली, याचा शोध घेतला; सापडला नाही. 1971च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्याच्या श्वासासाठी काय हवे, याची यादीच आहे : रसायन शोषणारे कार्ट्रिज असलेला मास्क, बाहेरून हवा पुरवणारे उपकरण, कॅनिस्टरचा गॅस मास्क. शिवाय कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी. त्या यादीत आपले नाव नाही. तरीही पन्नासहून अधिक वर्षे या पदावर आपणच आहात, म्हणजे वशिला जबर असला पाहिजे.

कामगिरीबद्दल बोलायचे तर मोठे तुषार आपण थोडेफार अडवता, हे मान्य. पण सूक्ष्म थेंब आणि वाफ आपल्या विणीतून आरपार जातात. घामाने ओले झालात की उडालेले औषध शोषून तेच नाकाशी आणि गालाशी दिवसभर धरून ठेवता. (विषाला औषध म्हणायची आपल्याकडची रीत या खात्यालाही लागू आहे.) मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑर्गेनोफॉस्फेट औषधे श्वासातून आणि कातडीतून शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंचे संदेश वेळीच थांबवणारे कोलिनेस्टरेज निकामी करतात. मग घाम, लाळ आणि उलट्या थांबत नाहीत, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, नजर धूसर होते, छातीत स्राव साठून श्वास कोंडतो. देऊळगाव राजाच्या परिसरात भाजीपाल्याचे बियाणे शेडनेटमध्ये तयार होते. नेटमध्ये वारा कमी, म्हणून उडालेले तुषार रेंगाळतात. आणि फवाऱ्यानंतर त्याच ओळींत हाताने परागीकरण करायला बाया शिरतात. त्यांच्या तोंडावर तर अनेकदा नुसता पदर असतो. तोही आपल्याच खात्यातला, आपल्याहून कनिष्ठ.

कुणी म्हणेल, चूक मजुराचीच. काळजी घेत नाही. 2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. तेव्हाही निष्काळजीपणा हा शब्द फार ऐकू आला. पण त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर मारायचा, तो अंगावरच उतरायचा. हवा दमट, उकाडा जीवघेणा. आणि मजुरी पंपामागे ठरली की सावकाश, वाऱ्याची दिशा बघून फवारणाऱ्याची चूल थंड पडते. त्यानंतर सरकारनेच पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर दोन महिन्यांची बंदी घातली. दोष फक्त मजुराचा असता, तर बंदी बाटलीवर कशाला?

दुसरा आक्षेप खरा आहे : किट दिले तरी मजूर ते घालत नाही. बरोबर, उन्हाळ्यासारख्या त्या उकाड्यात रबरी मास्क लावून पाठीवर भरलेला पंप वाहायचा, हे सल्ला देणाऱ्याने एक तास करून पाहावे. पण याचा निष्कर्ष मजुराविरुद्ध निघत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आचारसंहिता म्हणते की ज्या कीटकनाशकासाठी लागणारी साधने अंगावर सोसवत नाहीत, महाग आहेत किंवा सहज मिळत नाहीत, ते उष्ण हवामानातल्या लहान वापरकर्त्यांसाठी टाळावे. म्हणजे आधी बाटली बदला, मग मुखवट्याचे बघू. तिसरा आक्षेप, शेतकरीच मेटाकुटीला आलेला, तो खर्च कुठून करणार? एकट्या त्याने करूच नये. ज्या बियाण्यासाठी कंपनी करार करते, कीडमुक्त पिकाची अट घालते, त्या बियाण्याच्या दरात मजुराच्या फुप्फुसाचाही खर्च धरला पाहिजे. आज तो दरात नाही, म्हणून तो मजुराच्या छातीतून वसूल होतो.

आणि वसुलीनंतरची भरपाई? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेत औषध हाताळताना झालेली विषबाधा बसते, मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. पण योजना सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या आणखी एका व्यक्तीसाठी. पंप बहुधा ज्याच्या पाठीवर, त्या भूमिहीनाचे नाव सातबारावर नसते. त्याच्या नावावर असता ते फक्त आपण.

म्हणून विनंती अशी की आपण राजीनामा द्यावा. आपण खुर्चीत आहात तोवर कायद्याने नेमलेला अधिकारी रुजू होणार नाही, आणि 'तोंडाला काहीतरी बांधले होते' एवढ्यावर सगळ्यांची सुटका होत राहील. नाकावरून उतरा आणि घाम पुसायच्या आपल्या मूळ जागेवर परत या. तिथे आपले काम चोख होते.

आपला,
एक श्वास घेणारा