दुसऱ्या बाजूचे आप्पा

आप्पांना बातमी सांगू नये. सांगायचीच झाली, तर ती कुणी दिली, किती वेळ दाखवली आणि सोबत फोटो कुणाचा होता, हे आधी पाठ करून जावं. सिंगापुरात, तोआ पायोहला आमच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर, दगडी टेबलाशी, ते सकाळीच ठाण मांडून बसलेले असतात. समोर बिनसाखरेची कोपी-ओ, शेजारी कुठल्याशा सहकारी बँकेची जुनी डायरी. मुलाकडे लाँग टर्म व्हिजिट पासवर आलेल्या दादरच्या निवृत्त गृहस्थांचा इथे वेळ कसा जात असेल, अशी काळजी कुणी करू नये. आप्पा जगातल्या वृत्तवाहिन्यांचं ऑडिट करतात.

डायरीत रकाने आखलेत. वाहिनी, विषय, मिनिटं, ‘कोण बोललं’ आणि सगळ्यांत रुंद ‘कोणाला बोलू दिलं नाही’. विषय बहुधा एकच, युरोपात शिरू पाहणारी माणसं. हाच का, विचारलं तर म्हणतात, “आपला काडीचा संबंध नाही ना, म्हणून डोकं थंड राहतं.” या थंड डोक्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो.

दुपारी सेंट्रलच्या लायब्ररीत जाऊन ते चिनी ‘झाओबाओ’सुद्धा चाळतात. अक्षर कळत नाही, पण कळायची गरजच काय? ते फोटो बोटांनी मोजतात. “होडी चार बोटं, मंत्री वीतभर,” असं पुटपुटत शेजारच्या चिनी आजोबांकडे बघतात. आजोबा गंभीरपणे मान डोलावतात.

“कॅमेरा वरून लावला की लोंढा, समोरून लावला की माणूस,” हे त्यांचं लाडकं वाक्य. दिवसातून चारदा ऐकून वैताग येतो खरा. पण ते ऐकल्यापासून मला टीव्ही पूर्वीसारखा बघता येत नाही. हेलिकॉप्टरमधून टिपलेली बोट आली की मी आपली चेहरे शोधत बसते.

जून २०२३ची पानं तर ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. १४ जूनला ग्रीसमधल्या पिलोसजवळच्या समुद्रात मासेमारीची बोट बुडाली. आत सुमारे साडेसातशे माणसं, वाचली १०४. चारच दिवसांनी टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली पाच जणांची पाणबुडी बेपत्ता झाली. आप्पा घड्याळ काढून बसले. पाणबुडीत किती तासांचा प्राणवायू उरलाय, हे आमच्या लिफ्टमध्येही चर्चेत होतं. “पाचांची नावं मला पाठ झाली,” आप्पा म्हणाले, “आता साडेसातशेंतलं एक तू सांग बघू.” मला सांगता आलं नाही. सूनबाई वरून जेवायला हाका मारत होत्या, त्या आप्पांच्या कानापर्यंत पोचल्याच नाहीत.

एवढ्यावरून आप्पा निर्वासितांच्या बाजूचे, असं समजाल तर फसाल. समोरचा ज्या बाजूचा असेल, त्याच्या पलीकडची बाजू आप्पांची. २०१५ साली किनाऱ्यावर मृत सापडलेल्या चिमुकल्या आलान कुर्दीच्या फोटोची आठवण काढून कुणी डोळे पुसले, की ते त्याच वर्षअखेरीचं कोलोन काढतात. स्टेशनबाहेर बायकांवर हल्ले झाले, संशय स्थलांतरितांवर होता, आणि जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीने ४ जानेवारीच्या मुख्य बातमीपत्रात तो विषयच घेतला नाही. मग माफी मागितली. “का नाही घेतला? सांगा ना!” तेच ऐकून कुणी ‘युरोप बुडाला हो’ म्हणायला लागलं, की त्याच्यासमोर हंगेरीची ती कॅमेरावाली येते, पळणाऱ्या निर्वासितांना लाथा घालणारी. परिणामी संध्याकाळच्या गप्पांत दोन्ही बाजूंचे लोक आप्पा दिसले की लिफ्टचं बटण दाबतात.

करोनात ते इथेच अडकले. रोजचे आकडे फुटून यायचे: डॉर्मिटरीतले मजूर वेगळे, बाकीचे वेगळे. २० एप्रिल २०२०ला नवे रुग्ण १४२६, त्यांत नागरिक आणि पीआर, म्हणजे कायम रहिवासी, मिळून १६. “म्हणजे सोळाच जणांची काळजी करायची का रे?” आप्पा कडाडले. मग एकदम चपापून म्हणाले, “आणि मी कुठल्या रकान्यात?” मुलगा ऑफिसच्या कॉलवर होता. म्हणाला, “बाबा, घरात बसा, म्हणजे कुठल्याच नाही.”

मुंबईचा विषय निघाला की मात्र डायरी मिटते. फेब्रुवारी २००८मध्ये उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांना मारहाण झाली, तेव्हा हिंदी वाहिन्या त्याच त्या चित्रफिती कशा फिरवत होत्या, हे आप्पा अजून तावातावाने सांगतात. मी विचारलं, “आणि मराठी वाहिन्यांनी टॅक्सीवाल्याला किती मिनिटं दिली?”

“ते वेगळं.”

“बरं, साठच्या दशकात ‘मार्मिक’ कंपन्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांची नावं छापायचा, ते?”

“अगं, याद्या होत्या त्या! बातम्या नव्हेत. यादीत कसला आलाय पक्षपात?” आणि कोपीचा घोट घेऊन ते समोरच्या ब्लॉकवरचे वाळत घातलेले कपडे निरखू लागले.

पुण्याच्या भावाची नात स्टुटगार्टला एम.एस. करायला गेली आणि आप्पांचा युरोपशी संबंध आला. डोक्याचं काय झालं ते विचारू नका. फेब्रुवारी २०२५च्या जर्मन निवडणुकीत, स्थलांतराविरुद्ध रान उठवणाऱ्या एएफडीला २०.८ टक्के मतं पडली. आप्पांनी इथल्या सकाळी सातला, म्हणजे तिच्या मध्यरात्री, फोन लावला. “ट्राममध्ये पाच जण दिसले ना, की त्यातला एक त्यांचा समज. आणि मराठीत मोठ्याने बोलू नकोस.”

“आजोबा, ट्राममध्ये सगळे फोनात डोकं घालून बसतात. मीसुद्धा. आता झोपू का?”

तेव्हापासून ते फक्त डॉइच वेले बघतात. मिनिटं, विषय, सगळं पूर्वीसारखंच टिपतात. ‘कोणाला बोलू दिलं नाही’ या रकान्यात मात्र रोज तिचंच नाव असतं.