सिंगापूर नदीकाठचे क्षुधाशास्त्र

जेथे खाण्याची दोनच ठिकाणे असतात तेथे माणूस जेवतो आणि जेथे शंभर असतात तेथे तो फिरतो, हा नियम बहुतेक शहरांना लागू असला, तरी त्याचा सविस्तर अभ्यास करायचा झाल्यास सिंगापूर नदीचा काठ सर्वांत सोयीचा पडतो. ही नदी लांबीने जेमतेम ३ किलोमीटर असून मुखाकडून वर जाताना तिच्यावर बोट क्वे, क्लार्क क्वे आणि रॉबर्टसन क्वे असे तीन धक्के, म्हणजे होड्यांतून माल उतरवण्यासाठी बांधून काढलेले काठ, एकामागून एक लागतात. आता तेथे माल उतरत नाही, माणसे उतरतात आणि दिवेलागणीनंतर त्यांतील प्रत्येकापुढे कोठे बसायचे हा एकच प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर तेथे कोणीही विचार करून काढत नाही. ते थकल्यावर आपोआप मिळते आणि विचार हा केवळ थकण्याचा एक मार्ग असतो, असे येथे प्रतिपादन करायचे आहे.

या परिस्थितीमागे इतिहास आहे. १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने येथे ठाणे दिल्यानंतर वाढत गेलेला व्यापार प्रामुख्याने नदीच्या दक्षिण काठावर एकवटला. तेथील वळणाचा आकार माशाच्या पोटासारखा दिसतो आणि त्या पोटापाशी लक्ष्मी नांदते, अशी चिनी व्यापाऱ्यांची श्रद्धा होती. तेथे शॉपहाऊसची, म्हणजे खाली दुकान व वर बिऱ्हाड अशा अरुंद आणि खोल घरांची, रांग उभी राहिली. समोर मालवाहू होड्यांची दाटी झाली आणि हमाल एका फळीवरून तोल सांभाळत पोती गोदामात नेऊ लागले. दीडशे वर्षांच्या या उलाढालीने नदीची अशी काही गटारगंगा झाली, की १९७७ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी ती दहा वर्षांत स्वच्छ करण्यास फर्मावले. त्यानुसार वराहपालन बंद झाले, १९८३ मध्ये होड्या पासिर पांजांगला गेल्या आणि रस्त्यावर शिजवून विकणाऱ्या फेरीवाल्यांना हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली अनेक गाळे असलेल्या सरकारी खाद्यबाजारात, बसवण्यात आले. १९८७ पर्यंत नदी स्वच्छ झाली, १९८९ मध्ये बोट क्वेच्या जुन्या घरांना वारसा म्हणून संरक्षण मिळाले आणि १९९३ मध्ये क्लार्क क्वे करमणुकीच्या नव्या वेशात उघडले. अशा रीतीने नदी घाण होते म्हणून जेथून खाद्यविक्रेते हलवले, तेथेच ती स्वच्छ झाल्यावर खाद्यविक्रेते परत आले. फरक एवढाच, की पहिले गिऱ्हाइकाला अन्न विकत आणि दुसरे त्याला नदी विकून वर अन्न देतात. पुढे २००८ मध्ये मरीना बॅराज हा बंधारा झाल्याने नदी गोड्या पाण्याच्या जलाशयाचा भाग बनली, त्यामुळे काही ठिकाणी साध्या पाण्याच्या ग्लासाचेही पैसे घेतात त्याला आता तात्त्विक बैठक लाभली आहे, कारण प्यायचे आणि पाहायचे पाणी मुळात एकच असेल, तर पाहण्याचे पैसे घेऊन पिण्याचे सोडणे विसंगत ठरेल.

निवडीची प्रक्रिया बोट क्वेवर सुरू होते. येथे प्रत्येक हॉटेलासमोर एक उभे मेज, त्यावर प्लास्टिकच्या आवरणातील सचित्र मेनूकार्ड आणि त्यामागे गिऱ्हाईक बोलावणारा माणूस असतो. या माणसाचे मानववंशशास्त्राचे ज्ञान चकित करणारे असून, येणाऱ्यांच्या चपला, पिशव्या आणि आपापसातील अंतर पाहून तो त्यांचा देश ओळखतो, ‘नमस्ते’ म्हणतो आणि कोणी तोंड उघडण्याआधीच शाकाहारी पदार्थांचे पान उघडून धरतो. हॉटेलातल्या काचेच्या टाकीत नांग्या दोरीने बांधलेले खेकडे एकमेकांवर रचलेले असतात आणि त्यांतला एखादा काचेपाशी येऊन बाहेर उभ्या असलेल्या कुटुंबाकडे एकटक पाहत राहतो. दोन्ही बाजूंना आपले पुढे काय होणार हे ठाऊक नसल्याने या दृष्टिभेटीत एक प्रकारची समानता असते.

हा खेकडा चिली क्रॅब नावाच्या पदार्थासाठी राखलेला असतो. चेर याम तियान या बाईंनी १९५० च्या दशकात हातगाडीवर हा पदार्थ प्रथम केला आणि वाफवलेल्या खेकड्याला कंटाळलेल्या नवऱ्याची तक्रार हे त्याचे निमित्त ठरले, असे सांगतात. त्या अर्थी नवऱ्यांच्या तक्रारींतून राष्ट्रीय संपत्ती निर्माण झाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. टोमॅटो आणि मिरचीच्या दाट, गोडसर रश्शातला हा खेकडा मांतोऊ नावाच्या तळलेल्या पावाबरोबर खातात. मेनूकार्डात त्याच्यापुढे आकडा नसून ‘सीझनल प्राइस’ असे शब्द असतात, म्हणजे भाव हंगामाप्रमाणे व वजनावर ठरतो, आणि त्यामुळे नग दाखवून, वजन करून, एकूण किती होतील हे आधी विचारून घेणे हा शहाणपणाचा मार्ग असतो. परंतु भाव विचारणे म्हणजे परवडत नसल्याची कबुली देणे, अशी ठाम समजूत असलेली एक तरी व्यक्ती प्रत्येक कुटुंबात असतेच, आणि विचारण्याचे काम नेमके तिच्याकडे आलेले असते.

आकडे जेथे छापलेले असतात तेथेही शेजारी दोन अधिकचिन्हे असतात. त्यांतले पहिले १० टक्के सेवाशुल्काचे आणि दुसरे वस्तू व सेवा कराचे असून, २०२४ पासून ९ टक्के असलेला हा कर सेवाशुल्क धरून होणाऱ्या रकमेवर लागतो. परिणामी १०० डॉलरचे जेवण ११९ डॉलर ९० सेंटला पडते. त्यात न मागता आलेले शेंगदाणे आणि हात पुसण्याचे ओले रुमाल यांचेही पैसे पुष्कळ ठिकाणी धरलेले असतात. मराठी पर्यटक या रकमेला ताबडतोब साठाहून मोठ्या आकड्याने गुणतो आणि जे उत्तर येते त्याला गावाकडच्या एखाद्या खर्चाने भागतो, त्यामुळे एक खेकडा म्हणजे घराच्या एका खोलीचा रंग, असे समीकरण हाती लागून सर्व मंडळी दोन पावले मागे सरकतात.

या मंडळींचे शास्त्रीय वर्गीकरण करता येते. पहिला वर्ग तारांकितांचा असून तो मोबाइलवर ग्राहकांचे अभिप्राय वाचतो आणि ४.३ तारे असलेल्या हॉटेलात पाऊल टाकणार एवढ्यात शेजारी ४.४ असल्याचे जाहीर करतो. दुसरा वर्ग पथ्यकरांचा असून, आज गुरुवार आहे किंवा चतुर्थी आहे हे त्याला खेकडा पाहिल्यावरच आठवते. तिसरा वर्ग अनुभवी लोकांचा. पूर्वी कोणी आले होते तेव्हा इथेच कुठेतरी फार छान मिळाले होते, एवढी पक्की माहिती त्याच्यापाशी असते, मात्र त्या हॉटेलाचे नाव, जागा आणि पदार्थ यांपैकी काहीही नसते. चौथा वर्ग निरिच्छांचा असून ‘मला काहीही चालेल’ हे त्याचे ब्रीदवाक्य होय. वरवर पाहता हा वर्ग सर्वांत निरुपद्रवी वाटतो, परंतु प्रत्यक्षात नकाराधिकार त्याच्याच हाती असतो, कारण त्याला काहीही चालत असले तरी समोर आलेले प्रत्येक ठिकाण या ‘काहीही’त नेमके बसत नाही.

असा हा समुदाय ‘पुढे बघू’ या एकाच तत्त्वावर एकमत होऊन क्लार्क क्वेला पोचतो. स्ट्रेट्स सेटलमेंट्स या ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर अँड्र्यू क्लार्क यांचे नाव मिरवणाऱ्या या भागात गोदामांमधल्या गल्ल्यांवर मोठमोठी छत्रे उभारलेली असून, खाली इतके संगीत एकाच वेळी वाजत असते, की ‘इथे बसू या’ हे वाक्य ऐकू न आल्यामुळे अनेक चांगल्या जागा हातच्या जातात. तेथून वर रॉबर्टसन क्वे शांत आहे, झाडे आहेत, कुत्री फिरवणारी माणसे आहेत आणि बसायला जागाही आहे. नेमकी हीच गोष्ट संशय निर्माण करते, कारण मराठी मनाला गर्दी नसलेल्या हॉटेलाचा भरवसा वाटत नाही आणि गर्दी असलेल्या हॉटेलात थांबण्याची तयारी नसते. या टप्प्यावर, बोट क्वेवरचे पहिलेच हॉटेल बरे होते, हा निष्कर्ष कोणीतरी मांडते. पाहता क्षणी नाकारलेले ठिकाण अंतर वाढेल तसे चविष्ट होत जाते, हा नियम येथे निरपवादपणे प्रत्ययास येतो.

या अवस्थेत नदी सोडून जाण्याचे पर्यायही पुढे येतात. अपर क्रॉस स्ट्रीटवरचे हाँग लिम हे हॉकर सेंटर क्लार्क क्वे स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर असून, तेथे कागदी रुमालांचे पाकीट टेबलावर टाकले की जागा आपली होते. या प्रथेला ‘चोप करणे’ म्हणतात आणि एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकलेल्या पिढीला तिचे प्रशिक्षण द्यावे लागत नाही. मात्र जेवण झाल्यावर ट्रे स्वतः उचलून ठेवावा लागतो आणि २०२१ पासून त्यात कसूर केल्यास कारवाई होऊ शकते, हे कळताच कुटुंबातील पुरुषवर्गाला पुन्हा नदीची ओढ लागते. दुसरा पर्याय मेट्रोने दोन स्थानके पलीकडच्या लिटल इंडियाचा, जेथे १९४७ पासून चालू असलेल्या कोमला विलासमध्ये डोसा मिळतो. पण डोसा खायला एवढ्या लांब आलो का, हा प्रश्न ज्याला डोसाच खायचा असतो तोच सर्वांत आधी विचारतो.

अखेर निवड होते ती अशी, की कोणीतरी बसते. बहुधा ती घरातली आजी असते, क्वचित पुढे चालण्यास नकार देणारे मूल असते. जवळची खुर्ची ओढली जाते, वेटर तत्परतेने शेंगदाणे आणून ठेवतो आणि दीड तासाचे विचारमंथन एका गुडघ्याच्या निर्णयापुढे संपते. तारे, टक्के, चतुर्थी आणि अनुभव यांचा त्या खुर्चीशी काहीही संबंध नसतो. तरीही जेवण सुरू झाल्यावर प्रत्येकाला, ही जागा आपणच हेरली होती, असे वाटू लागते. पदार्थ बिघडल्यास मात्र ती आजीनेच निवडली होती, याबद्दल कोणाचे दुमत नसते.

यावरून व्यवहारासाठी निघणारा निष्कर्ष थोडक्यात सांगता येतो. जागेची निवड करण्यास लागणारे चित्तस्वास्थ्य केवळ जेवलेल्या माणसापाशी असते आणि जेवलेल्या माणसाला निवडीची गरज नसते, हा या शास्त्रातला मूळ पेच होय. तो सोडवण्याचा एकच खात्रीचा उपाय असा, की मुक्कामाच्या खोलीत बॅगेतल्या दशम्या, चटणी आणि चिवडा संपवून मगच नदीकाठी जावे, तिन्ही धक्क्यांवरची मेनूकार्डे सावकाश वाचावीत, प्रत्येक खेकड्याचे वजन निर्भयपणे विचारावे आणि एकाही हॉटेलात न शिरता, सर्वांत उत्तम कोणते याविषयी परतीच्या वाटेवर मनसोक्त भांडावे.