मेथीची सर्वसहमती

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीने मध्यंतरी स्वयंपूर्ण व्हायचं ठरवलं. गच्चीवर मेथी, तळमजल्यावर गांडूळखत. सेक्रेटरींनी दाखला दिला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचा. त्या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा चालू राहते.

आमच्याकडेही चालू आहे. गच्चीची चावी कोणाकडे ठेवायची, एवढंच ठरायचंय.

तसे १९६० च्या कायद्याने आम्हीही ‘सहकारी’च. पाणी भातसा-वैतरणेचं, दूध कोल्हापूरचं, भाजी नाशिकची आणि कचरा जातो कांजूरमार्गला. फक्त पार्किंगचं भांडण शंभर टक्के घरचं. त्यासाठी बाहेरून काहीही आणावं लागत नाही.

मेथी मात्र उगवली. चार जुड्या, साठ फ्लॅट. वाटपासाठी विशेष सभा बोलावली. गणपूर्तीअभावी ती अर्धा तास तहकूब झाली. पुन्हा भरली तेव्हा जुड्या तीनच होत्या.

चौथीबद्दल मात्र पूर्ण सर्वसहमती झाली: कोणीच नेली नाही.