लांब पल्ल्याचे अण्णा

आमच्या इमारतीत सात वाजता दूध येतं, सव्वासातला पाणी येतं आणि साडेसातला न्यू जर्सी येते. दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा मुलाला फोन लावतात. "हॅलोऽऽ! येतंय का रे ऐकूऽऽ?" हे आधी आम्हा सोळा बिऱ्हाडांना ऐकू येतं, मग बाळ्याला. तिकडे रात्रीचे नऊ-दहा वाजलेले असतात. त्यामुळे बाळ्यानं पोळी खाल्ली की पिझ्झा, हे दाढी करता करता मला कळतं. त्याची मूळव्याध तर पथ्यपाण्यासकट वॉचमनला पाठ आहे.

एसटीचं भाडं जसं सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यानं चढतं, तसा अण्णांचा आवाज चढतो. कोथरूडच्या बहिणीशी ते खुर्चीत रेलून बोलतात. चिपळूण लागलं की ताठ बसतात. नागपूरला उभे राहतात. न्यू जर्सीला थेट गॅलरीत, कारण गॅलरी पश्चिमेला आहे. हो, दिशाही पाळतात! नागपूरसाठी तोंड जिन्याकडे. मेव्हणा बंगळुरूला गेला तेव्हा मात्र पंचाईत झाली. दक्षिणेला नेमकी मोरी. त्याची ख्यालीखुशाली अण्णा मोरीच्या दारात उभं राहून विचारतात.

एकदा मी न राहवून हिशेब मांडला. "अण्णा, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. न्यू जर्सी साडेबारा हजार किलोमीटर. तुमचा आवाज वाऱ्यावर गेला तर पोचायला दहा तासांच्या वर लागतील."

"म्हणून तर फोन करतो!" अण्णा म्हणाले.

खरं तर यात अण्णांचा दोष नाही, त्यांच्या वाडीचा आहे. कोकणात घरं खेटून नसतात. मध्ये पऱ्या, आगर, एखादी घाटी. पलीकडच्या काकूला ताक हवं का विचारायचं तर अंगणाच्या कडेला येऊन 'काकूऽऽ, गोऽऽ' अशी आरोळी ठोकावी लागते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, हे अण्णांच्या आईनं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पण काकू पऱ्यापलीकडे असली तर स्वर किती ताणायचा आणि माडाखाली असली तर किती, याचं माप तिच्या गळ्यात होतं. व्यंजनं वाटेत गळतात, स्वर पोचतात. म्हणून 'गो' लांबवायचा. 'ताक' गळालं तरी चालतं, काकू भांडं घेऊनच येते.

पुढे नोकरीत ट्रंक कॉल आले. कॉल बुक करायचा, तासन्‌तास ताटकळायचं, आणि लागला की समुद्राच्या गाजेसारखी खरखर. त्यात तीन मिनिटं भरली की ऑपरेटरबाई मध्ये बोलणार. अशा वेळी हळू बोलणं म्हणजे पैसे पाण्यात. त्या तीन मिनिटांनी घडवलेला गळा आता अनलिमिटेड प्लॅनवर मोकळा सुटलाय.

जवळच्या माणसाशी अण्णा कुजबुजतात, आणि ती कुजबुज अधिक घातक. प्रेशर कुकरनं गुपित सांगावं तशी. एका लग्नात शेजारी बसून त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "आमरसात पाणी आहे." दोन पंगती सोडून वाढणारे वधूपिता जागच्या जागी थबकले. मी मान खाली घालून भजी मोजत बसलो.

मध्यंतरी सूनबाईंनी व्हिडिओ कॉल शिकवला. बाळ्याचं तोंड वीतभर अंतरावर दिसू लागलं. एवढ्या जवळच्या माणसाशी ओरडायचं कसं? अण्णा हळूच म्हणाले, "जेवलास का?" तिकडून, "बाबा, आवाज येत नाहीये!" त्या सकाळी इमारत सुनी सुनी झाली. पावणेआठला वॉचमन वर आला आणि अण्णांच्या बायकोला विचारू लागला, "साहेब बरे आहेत ना?" दुसऱ्या दिवसापासून अण्णा पुन्हा गॅलरीत.

गेल्या दिवाळीत बाळ्या स्वतः आला. तीन आठवडे होता. दोघं झोपाळ्यावर शेजारी शेजारी बसायचे. अण्णांचे ओठ हलताना आम्हाला समोरून दिसायचे, पण एक अक्षर कानावर येईल तर शपथ. पलीकडच्या वहिनी निमित्त काढून दोनदा विरजण मागून आल्या. त्यांच्याही हाती काही लागलं नाही. तीन आठवडे बाळ्या काय जेवला, कुणालाच पत्ता नाही.

शनिवारी पहाटे तो गेला. रविवारी साडेसातला मी चहाचा कप घेऊन गॅलरीतच उभा होतो. खाली वॉचमननं रेडिओ बंद केला.

विमानात उपमा दिला होता. गार होता.