फुकट्यांची गाडी

"काकू, कढीपत्त्याचे दोन डहाळे तोडते हो."

"तोड की. आणि ऐक, कोपऱ्यावरच्या बाईंनी जावयाचा जपानचा व्हिडिओ दाखवला का तुला? अख्ख्या स्टेशनात चिटपाखरू नाही! ना मास्तर, ना तिकीटबाबू. चढताना यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची, उतरताना ड्रायव्हरजवळच्या पेटीत पैसे टाकायचे. वर त्या म्हणतात, एका शाळकरी पोरीसाठी तिथे एक स्टेशनच चालू ठेवलं होतं!"

"क्यू-शिराताकी. लोकांनी फुगवलेली गोष्ट आहे ती. उतारू नाहीत म्हणून 2016 च्या मार्चमध्ये बंद केलं, आणि शाळेचं वर्षही तिकडे मार्चमध्येच संपतं. पण बिनमाणसाच्या स्टेशनाचं नवल काहून करता बाप्पा? माझ्या माहेरची शकुंतला विसरलात? मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर. आमच्या दारव्हा मोतीबागला गाडी लागली की गार्डच तिकिटं द्यायचा. वऱ्हाडातला कापूस न्यायला गोऱ्या साहेबाच्या कंपनीनं घातलेली लाईन ती. मँचेस्टरचं इंजिन 1923 पासून ओढत होतं, ते 1994 ला सुटलं. मग डिझेल आलं, आणि पुढे गाडीच गेली."

"आमची धमतरीची छोटी लाईन तरी कुठे राहिली? 1900 सालची, अडीच फुटी. तेलीबांधा, माना, भाटगाव, केंद्री करत अभनपूर. तिथून एक फाटा धमतरीला, एक राजिमला. राजिमच्या पुन्नी मेळ्याला तर दारात लटकून जायचे लोक. 2017 मध्ये केंद्रीपर्यंतची गाडी थांबवली आणि रुळांच्या जागेवर एक्सप्रेस-वे केला."

"पण अभनपूरची मेमू सुरू झाली ना, 2025 च्या मार्चमध्ये?"

"झाली, मोठ्या लाईनवर. पण जाते मंदिर हसौदवरून. तेलीबांध्याच्या माणसाला तिचा काय उपयोग? स्टेशनात मास्तर नसला तरी आपण झाडाखाली बसून राहू गं, पण गाडी तर दारावरून जायला हवी!"

"तेच तर. आणि शकुंतलेत पाय ठेवायला जागा नसायची, तरी सगळे म्हणायचे लाईन तोट्यात आहे."

"तोट्यात असणारच. निम्मे लोक तिकीट काढत होते का? आता कोपऱ्यावरच्या बाई सांगतात, जपानी माणूस कसा कुणी न मागता पेटीत पैसे टाकतो. ह्याच बाई कॉलेजात असताना मान्याहून तेलीबांध्याला रोज फुकट यायच्या. टीसी दिसला की दुसऱ्या बाजूनं उडी!"

"काय सांगता! आणि परवा मला म्हणत होत्या, रेल्वेनं आपल्यावर अन्याय केला."

"रेल्वेच्या वहीत यांची कधी नोंदच नाही, तर रेल्वे अन्याय करणार कुणावर? पण माझं नाव घेऊ नकोस हो. पापडाचं पीठ त्यांच्याकडूनच आणायचंय मला."