उत्कृष्टतेची पंगत

वाइन पर्यटनातल्या उत्कृष्टतेचे पुरस्कार भर दुपारी, जेवणासोबत देतात, यामागे शहाणपण आहे. तिसऱ्या ग्लासानंतर सगळ्यांचीच कामगिरी उत्कृष्ट दिसू लागते. विभागही भरपूर. उत्कृष्ट टेस्टिंग रूम, उत्कृष्ट मुक्काम, उत्कृष्ट सूर्यास्त. सूर्यास्ताचं बक्षीस सूर्याला मिळत नाही; पश्चिमेकडे तोंड करून खुर्च्या मांडणाऱ्या रिसॉर्टला मिळतं.

नाशिकच्या वाइनचं आणि महाराष्ट्राचं नातं तसं लग्नघरातल्या श्रीमंत जावयासारखं. मान द्यायचा, पण त्याच्याबद्दल फार बोलायचं नाही. २००१मध्ये सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणून वाइनरींना गोंजारलं. जानेवारी २०२२मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकायला मान्यता दिली, तेव्हा मात्र संस्कृती धोक्यात आली आणि अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. हिशेब सोपा आहे: नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावर बसून प्यायली तर पर्यटन, पिशवीत घालून घरी नेली तर व्यसन. शिवाय १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार लागणारा पिण्याचा परवाना आहेच; तो खिशात आहे का, हे अशा मेजवानीत कुणी विचारत नाही.

व्यासपीठावर पर्यटन, आदरातिथ्य, ब्रँडिंग असे सगळे असतात. अवकाळीच्या धास्तीने रात्री आभाळाकडे बघणारा बागाईतदार आणि ऑक्टोबर छाटणीत कात्री चालवणारे मजूर तेवढे नसतात. आयोजकांनो, पुढच्या वर्षी 'उत्कृष्ट छाटणी' हा विभाग ठेवा आणि विजेत्याला जेवायला बोलवा. वाढायला नव्हे.